इतर हक्क

टोपीला पीस लावावे की लावू नये, या एका मुद्द्यावर आमच्या घरात जो खल झाला, तेवढा खल मामलेदार कचेरीतील माझ्या सबंध नोकरीत बांधाच्या तंट्यावरही झाल्याचे मला स्मरत नाही. माझी कैफियत अशी होती की, सोळाव्या शतकातला एक युरोपीय विद्वान निजामशहाच्या दरबारात उभा राहतो तेव्हा त्याच्या टोपीवर पीस नसेल, तर तो विद्वान आहे हे मागच्या रांगेत शेंगा सोलत बसलेल्या प्रेक्षकाला कळावे कसे? आमच्या सौभाग्यवतींचा जबाब असा की, जी विद्वत्ता पिसावाचून दिसत नाही ती पिसाने तरी कशी दिसेल? जबाब मूळ मुद्द्याला धरून नसल्यामुळे मी तो दप्तरी दाखल केला नाही.

विद्वान म्हणजे गार्सिया द ओर्ता. पोर्तुगालचा हा वैद्य १५३४ साली गोव्यास उतरला, पुढे अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा हकीम व स्नेही झाला, आणि हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवर त्याने संवादरूपाने रचलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापून निघाला. हिंग, भांग, धोत्रा, कापूर, आंबा अशा आपल्या नित्य परिचयाच्या वस्तूंकडे हा गृहस्थ कुतूहलाने पाहतो. पोर्तुगालचा महाकवी कामोंइश याची अगदी आरंभी छापली गेलेली एक कविता याच औषधांच्या पोथीच्या आरंभी आहे. आणि माझ्यासारख्या महसुली माणसाच्या काळजाला भिडणारी बाब म्हणजे, मुंबईचे बेट काही काळ या डॉक्टरसाहेबांच्या नावे पट्ट्याने होते. आमच्या वाचनालयाच्या वार्षिकोत्सवात निवृत्त मंडळींनी निजामशाही दरबाराचा एक प्रवेश करावा असे ठरले, तेव्हा ओर्ताच्या भूमिकेसाठी माझे नाव एकमताने मंजूर झाले. ते माझ्या व्यासंगामुळे झाले अशी माझी धारणा होती व अद्यापही आहे, दिग्दर्शक मात्र चारचौघांत म्हणाले, “भाऊसाहेब, दाढी तुमची स्वतःची आहे, तेवढंच भाडं वाचलं.” भूमिकेत वाक्ये चार आहेत, आणि त्यांतले एक ‘हुजूर, जीभ दाखवावी’ असे आहे. परंतु भूमिका लहान असली म्हणून टोपीही लहान असावी, असे कोणत्याही नाट्यशास्त्रात सांगितलेले नाही.

टोपी शिवण्याचा उद्योग मी आपण होऊन अंगावर घेतला नाही. कपडेपटाच्या पेटाऱ्याने तो माझ्या अंगावर घातला. भाड्याने आलेल्या त्या पेटाऱ्यातून माझ्या वाट्याला निघाली ती एक सोला हॅट. पेटाऱ्यासोबत आलेल्या इसमाने सांगितले की, गोऱ्या माणसासाठी हीच असते. म्हणजे वास्को द गामा हीच घालतो, प्लेगचा रँड हीच घालतो, सायमन साहेब हीच घालून परत जातो, आणि निजामशहाचा हकीमही हीच घालून यावा! एकोणिसाव्या शतकातल्या उन्हासाठी निघालेली ही हॅट सोळाव्या शतकातल्या माणसाच्या डोक्यावर चढवणे म्हणजे शिवछत्रपतींच्या सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढवण्यापैकी आहे. हसण्यावारी नेण्याची ही बाब नाही. निजामशहालाही त्याच पेटाऱ्यातला हिरवा झगा मिळाला, जो गेल्या वर्षी दुसऱ्या गावी अफझलखानाने घातला होता. ज्या घराण्याचा मूळ पुरुष, फरिश्त्याच्या सांगण्यानुसार, पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्याच्या वंशातला होता, ज्याने शेजारी एक शहर वसवले आणि ज्याच्या अमलाखाली आमचे पारनेर नांदले, त्या घराण्याची आम्हांला ओळख उरली आहे ती एका भाडोत्री झग्यापुरती. कुलकर्णी दप्तरातून सिंहासनापर्यंत वाट जाते, हे कारकुनी पेशाला नाक मुरडणाऱ्यांनी जाता जाता ध्यानात घ्यावे.

शिवाय टोपीच्या बाबतीत पारनेर तालुक्याने उसनवारी करावी अशी परिस्थिती कधीच नव्हती. राळेगणसिद्धी याच तालुक्यातले, आणि २०११ सालच्या ऑगस्टात दिल्लीच्या रामलीला मैदानावर जी पांढरी टोपी हजारोंच्या डोक्यावर चढली, तिचे मूळ गाव इकडचेच म्हणावयास हरकत नाही. ज्यांच्या नावाने ती टोपी ओळखली जाते त्या महात्माजींनी स्वतः ती फार थोडा काळ घातली आणि १९२१ मध्ये तिचाही त्याग केला, हा भाग वेगळा. सेनापती बापट तर दस्तुरखुद्द पारनेरचे, १८८० चा जन्म. विलायतेस गेलेली इतर मुले हॅट घेऊन येत, हे बॉम्बची कृती घेऊन परतले. अशा गावच्या रंगमंचावर मी भाड्याची सोला हॅट घालून ‘जीभ दाखवावी’ म्हणणार नव्हतो. सबब टोपी घरी शिवण्याची तजवीज झाली.

नमुन्याचा प्रश्न आला. ओर्ताच्या समकालीनांपैकी होल्बाइनने १५२३ साली रंगविलेला इरॅस्मस मी प्रथम विचारात घेतला. परंतु त्याची टोपी थंडी वाजणाऱ्या माणसाची आहे, आणि पारनेरात फाल्गुनात ती पटण्यासारखी नाही. अखेर भाच्याने मोठ्या आकारात छापून आणलेले राफाएलचे एक चित्र मी मुक्रर केले. चित्रातले गृहस्थ बाल्दासारे कास्तिल्योने. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ते पाचशे वर्षांपूर्वीच्या त्याच शांत चेहऱ्याने बसले आहेत. डोक्यावर काळी, रुंद, सैल टोपी, अशी की जाता जाता सहज ठेवली असावी. या सहजपणावर मी भाळलो. पुढे समजले की, हाच सहजपणा कास्तिल्योने यांच्या ग्रंथाचा विषय आहे: दरबारी मनुष्याने प्रत्येक गोष्ट कमालीच्या परिश्रमाने साधावी, परंतु ती करताना आपल्याला काहीच पडले नाही असे दाखवावे. आणि हा अनायासपणाचा उपदेश लिहून, खोडून, पुन्हा लिहून १५२८ साली व्हेनिसला छापून होईपर्यंत सुमारे दोन दशके गेली! मला हा मनुष्य तत्क्षणी आपला वाटला. रोज सकाळी आरशासमोर, टोपी अद्याप कागदावरच असताना, मी एक टॉवेल डोक्यावर निष्काळजीपणे कलता ठेवण्याचा अभ्यास सुरू केला. निष्काळजीपणा डाव्या बाजूस किती असावा व उजव्या बाजूस किती, याचा निर्णय मात्र सहजासहजी लागेना.

यानंतर मोजमाप. डोक्याचा घेर बावीस इंच भरला. ज्याने लीलावती शाळेत नुसती ऐकली आहे त्यालाही या आकड्याने रोमांच उभे राहावेत. बावीसास सात! भास्कराचार्यांनी ११५० साली स्थूल गणितासाठी परिघ-व्यासाचे हेच प्रमाण दिले आहे आणि सूक्ष्म गणितासाठी ३९२७ भागिले १२५० हे. माझ्या मस्तकाला स्थूल गणित तंतोतंत लागू पडावे यात काही सुचविलेले आहे असे तेव्हा माझ्या मनातही आले नाही. व्यास सात इंच निघाला. त्या आनंदात मी फीत सौभाग्यवतींच्या डोक्याभोवतीही फिरवली, ती केवळ तुलनेकरिता. त्यांचा घेर साडेबावीस भरला. केसांच्या अंबाड्यामुळे मोजणीत फरक पडतो, ही गोष्ट मी त्यांना शास्त्रीय भूमिकेवरून समजावून दिली. त्यांनी अंबाडा सोडून पुन्हा मोजणी मागितली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

येथे मला पाओलो उच्चेल्लो याच्याविषयी थोडे सांगावयाचे आहे. वाचकांपैकी ज्यांना केवळ टोपीशी कर्तव्य आहे त्यांनी हा व पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल. गाळू नये अशी माझी विनंती मात्र आहे, कारण टोपीच्या निमित्ताने जे माझ्या हाती लागले त्यांत या माणसाइतके मोलाचे काही नाही. उच्चेल्लो फ्लॉरेन्सचा चित्रकार. १४७५ साली वारला. त्या काळी त्या शहरातले पुरुष जे शिरोवेष्टन घालीत, त्याच्या पोटात आकार धरण्यासाठी एक भरीव वलय असे. त्याला मात्सोक्यो म्हणत. आमच्याकडे पाण्याची घागर डोक्यावर घेताना बायका जी चुंबळ ठेवतात, तिची नक्कल फ्लॉरेन्सच्या सरदारांनी केली असावी असे पाहणारास वाटेल. फरक इतकाच की, आमच्या चुंबळीवर घागर असते आणि त्यांच्या चुंबळीवर प्रतिष्ठा. या चुंबळीने उच्चेल्लोला वेड लावले. तिचे पैलू पाडून, प्रत्येक पैलूच्या कडा यथादर्शनाच्या नियमाने कशा आकसतात हे तो रेषेरेषेने मांडीत बसे. फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात त्याच्या त्या रेखाकृती आहेत. ‘सान रोमानोची लढाई’ या त्याच्या चित्रात माणसे मरत आहेत, घोडे कोसळत आहेत, आणि मध्येच एक सुबक पैलूदार चुंबळ डोळ्यांत भरते. सांता मारिया नोव्हेल्लाच्या मठात त्याने महाप्रलय चितारला, तेथे पुरात सापडलेल्या माणसाच्या गळ्यातही चुंबळ! प्रलयकाळी माणूस काय वाचवील याचा भरवसा नाही हे खरे, पण चित्रकाराने काय वाचवले हे स्वच्छ दिसते. वासारी या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे की, बायको झोपायला हाक मारी, तेव्हा हा रात्री जागाच राहून, हे यथादर्शन किती गोड आहे, एवढेच उत्तर देई.

वासारीने या बायकोचे नाव दिलेले नाही. सगळे हसून मोकळे होतात ते या गोष्टीवर, आणि मीही हसलो असतो. परंतु मी वाचले आहे ते महसुली नजरेने. फ्लॉरेन्स सरकारने १४२७ पासून कातास्तो नावाची कर-आकारणी सुरू केली होती आणि तीत प्रत्येक कुटुंबप्रमुखाला आपली मिळकत, माणसे व देणी लिहून द्यावी लागत. १४६९ साली उच्चेल्लोने दाखल केलेले विवरण टिकून आहे. त्यात या यथादर्शनाच्या महर्षीने लिहून दिले आहे की, मी म्हातारा झालो, उपजीविकेचे साधन नाही, काम होत नाही, आणि पत्नी आजारी आहे. पत्नीचे नाव तोम्मासा होते, हे कळते ते अशाच कागदांतून. त्यांची मुलगी आंतोनिया जोगीण झाली व १४९१ मध्ये वारली. तिच्या मृत्यूच्या नोंदीत तिला चित्रकर्ती म्हटले आहे, आणि तिचे म्हणून खात्रीने दाखवावे असे एकही चित्र आज नाही. चरित्रकार जेथे विनोद करून पुढे गेला, तेथे कोणा अनामिक कारकुनाने दौतीत लेखणी बुडवून ‘पत्नी आजारी’ एवढी नोंद सांभाळली. मी जन्मभर ज्या दप्तरांना रुक्ष म्हणत आलो, त्यांचा मला त्या रात्री अभिमान वाटला. “अहो, दिवा मालवता का?” असे आतून विचारणे झाले, तेव्हा मी यथादर्शनाचे नाव काढले नाही, दिवा मालवला.

आता टोपी. राफाएलच्या चित्रातली टोपी मखमलीची भासते. इंग्लंडातला सामान्य मनुष्य मात्र विणून, मळून, घट्ट केलेल्या लोकरीची टोपी घाली. या टोपीकारांचा धंदा बसू लागला, तेव्हा १५७१ साली तेथील पार्लमेंटने कायदा केला की, सहा वर्षांवरील प्रत्येक सामान्य माणसाने रविवारी व सणावारी देशी लोकरीची टोपी घातलीच पाहिजे, न घातल्यास दंड; उमरावांना अर्थातच सूट. १५९७ मध्ये तो रद्द झाला. या कायद्याने माझी एक सबंध दुपार सार्थकी लागली. तो पारनेरास लागू झाला असता तर अंमलबजावणी कशी झाली असती, याचा आराखडा मी मनात तयार केला: गावकामगार तलाठ्याने दर रविवारी वेशीत उभे राहून शिरोगणती करावी, उघड्या डोक्यांचा पंचनामा व्हावा, ‘इसमनामे अमुक, वय सहा पूर्ण, टोपी नाही, कारण विचारता केस वाळवीत होतो असे सांगतो’ असा जबाब घ्यावा, आणि सहाच्या आतबाहेरच्या पोरांसाठी शाळेचा दाखला जोडावा. अपिलाची मुदत साठ दिवस. तोपर्यंत धनगरांची लोकर पडून राहिली नसती, हे निश्चित.

लोकरीचा मुद्दा असा निघाल्यावर मखमल आपोआप बाद झाली. घरात एक जुनी, कड फाटलेली काळी घोंगडी होती, ढवळपुरीकडच्या धनगरांची. घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ दिलेली असते; ती कढत पाण्याने काढावी लागते, आणि मग कापड तुडवून तुडवून दाट करावे लागते. अंगणातल्या दगडावर रिठ्याच्या फेसात उभा राहून मी ते तुडवले, तेव्हा रस्त्याने जाणाऱ्यांना तो काही धार्मिक विधी वाटला असावा, कारण दोघांनी लांबून हात जोडले. आमच्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी व मनस्वी. विलायती लोकरीसारखी ती मिळून येत नाही, केस राखून वागते. परिणामी कापड दाट झाले तरी दाढी वाढलेले दिसू लागले. मी म्हटले, हकिमाला दाढी आहे, टोपीलाही असू द्या.

टोपीचा वरचा घेरा चौदा इंच व्यासाचा कापला. म्हणजे परिघ चव्वेचाळीस, आणि तो चुण्या घालून बावीस इंचांच्या पट्टीत बसवायचा. बरोबर निम्मा! या योगायोगाने मला पुन्हा लीलावती आठवली, आणि मी कंपास, कोनमापक व खडू घेऊन परिघावर समान अंतराने खुणा करावयास बसलो. प्रत्येक चुणीची रुंदी, दोन चुण्यांतले अंतर, शिवणीत जाणारा दाब, यांचा तक्ता केला. तक्ता पुरा होईतो दिवेलागण झाली. सौभाग्यवतींनी वाती लावल्या, चष्मा घातला, घेऱ्याच्या काठाने दोन पदरी धावदोरा घातला आणि दोन्ही टोके धरून ओढली. चव्वेचाळीस इंच बावीस इंचांत आले, आणि सगळीकडे सारख्या चुण्या पडल्या. “तुमच्या खुणा पुसून टाकू का?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “राहू दे, आतल्या बाजूला आहेत.”

यापुढचे काम आम्ही मिळून केले, असा शेरा मी गावभर दिला आहे. त्याचा तपशील असा: काठासाठी वाटोळी पट्टी त्यांनी कापली, शहरात शिंपी आत बकरम घालतात, त्याऐवजी घोंगडीतून काढलेली चिंचोक्याची खळ पुन्हा शिजवून त्यांनी काठाला दिली, आणि काठ असा ताठ उभा राहिला की पेशवाईतल्या पगडबंदानेही मान डोलवावी. लोकर कपाळाला टोचते म्हणून मलमलीचे अस्तर उरेब कापून त्यांनी लावले. यंत्र त्यांनी चालवले. दोरा संपला हे मी वेळेवर निदर्शनास आणले. पिसाच्या वादाचा निकालही याच सुमारास लागला. नदीपलीकडच्या मोराची चिंचोलीहून कोणी आणून दिलेले, मोराने आपण होऊन टाकलेले पीस मी जपून ठेवले होते. सौभाग्यवतींनी ते बिनतक्रार शिवून दिले; फक्त टोपीच्या मागच्या अंगाला, जेथून ते मला दिसत नाही आणि प्रेक्षकांना मी जाताना दिसेल.

टोपी तयार झाल्याची इतल्ला गावात पोचायला वेळ लागला नाही. ती मीच पोचवली. कचेरीतले जुने सहकारी आले, पेन्शनर मंडळींपैकी बरेच आले, बाजारपेठेतले शिंपीकाका स्वतः आले, त्यांनी टोपी उलटी करून शिवण पाहिली आणि “हात बसलेला आहे” असे म्हणाले. मी नम्रपणे मान लववली. शेजारच्या नातवाने मात्र “आजोबा, तुम्ही आता केक करणार का?” असे विचारून त्या सायंकाळच्या इभ्रतीला किंचित धक्का दिला. तरीही मी टोपी घालून गच्चीवर हिंडलो. निष्काळजीपणा डावीकडे असावा असे तेथे ठरले.

भूमिकेची तयारी म्हणून ओर्ताचे पुढचे चरित्र वाचावयास घेतले, आणि तेथे ही चैन थांबली. ओर्ता मूळचा ज्यू घराण्यातला. घराणे सक्तीने बाटवलेले. तो १५६८ साली गोव्यात वारला. १५६९ मध्ये त्याच्या बहिणीला, कातारीनाला, इन्क्विझिशन नावाच्या धर्मसभेने जिवंत जाळले. १५८० मध्ये खुद्द ओर्तावर मेल्यानंतर आरोप शाबीत होऊन त्याची हाडे उकरून काढली गेली आणि जाळली गेली. ज्याने या देशातल्या प्रत्येक पाल्याचे नाव विचारून लिहून घेतले, त्याला या देशातल्या मातीत पडूनही राहता आले नाही. त्या धर्मसभेने मृत्युदंडास नेलेल्यांच्या डोक्यावर कागदाची एक उंच टोपी असे, वर ज्वालांची चित्रे काढलेली. एकाच शतकात, एकाच गोव्यात, एक टोपी विद्वानाला मान देण्यासाठी आणि दुसरी माणसाची माणुसकी काढून घेण्यासाठी. आमच्या प्रवेशात हे काही येत नाही; तेथे निजामशहाची जीभ पाहून टाळ्यांत पडदा पडतो. परंतु त्या दिवसापासून मी टोपी खुंटीवर टांगणे सोडले आणि कपाटात नीट ठेवू लागलो.

आणि मग एक साधाच विचार डोक्यातून जाईना. त्या कागदी टोप्याही कोणीतरी कातरल्या असतील, खळ लावून चिकटवल्या असतील. राफाएलने चित्र काढले, कास्तिल्योने बसले, दोघांची नावे जगाला पाठ आहेत. ती टोपी शिवली कोणी? पाचशे वर्षे लोक तिच्याकडे टक लावून पाहत आहेत, आणि जिच्या किंवा ज्याच्या हाताने ती आकाराला आली त्याच्या नावाचा ठिपकाही नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यात कब्जेदाराच्या नावाशेजारी निदान ‘इतर हक्क’ म्हणून एक रकाना असतो. विहिरीतला हिस्सा, कोणाची वहिवाट, माहेरी हक्क राखून असलेल्या बहिणी, विधवा आई, अशांची नावे तेथे बसतात. तो रकाना उपेक्षितांचा आहे हे मी जाणतो, त्या रकान्यात नावे लिहिताना कब्जेदार कसे तोंड वाकडे करतात हेही मी पाहिले आहे. तरी तो आहे, आणि एखाद्या बाईच्या पिढीजात हक्काला अडीअडचणीत तेवढाच कागद उपयोगी पडतो. चित्रांच्या इतिहासात तोही रकाना नाही.

आमच्या गल्लीतल्या कितीतरी बाळांची बारशी सौभाग्यवतींनी शिवलेल्या कुंच्यांत झाली. खणाच्या कुंच्या, झालरीच्या कुंच्या, गोंड्यांच्या कुंच्या; शिवाय अंगडी, टोपडी, दुपटी. आज त्यांतली काही बाळे मुंबईत घरे घेऊन राहतात आणि दिवाळीत येतात तेव्हा मला वाकून नमस्कार करतात, कारण मी कधीकाळी त्यांच्या वडिलांचा फेरफार मंजूर करून दिला होता. त्यांच्या मस्तकाचे पहिले माप ज्यांनी फितीवाचून, नुसत्या तळव्याने घेतले, त्यांना चहा टाकण्याविषयी सांगितले जाते. एकही कुंची पाहावयास कोणी पेन्शनर आमच्या घरी आला नाही. एकाही शिंपीकाकांनी ती उलटी करून शिवण पाहिली नाही. मी एक टोपी केली, म्हणजे जवळ बसलो, तर त्याला ‘निर्मिती’ म्हणण्यात आले. हा शब्द मीच प्रथम वापरला होता, परंतु कोणी हरकत घेतली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

उत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेचा कच्चा मसुदा माझ्याकडे तपासणीस आला, तेव्हा त्यात वेशभूषेची ओळच नव्हती. लेखक, दिग्दर्शक, कलाकार, देणगीदार, मंडपवाला, ध्वनिक्षेपक, आणि शेवटी अध्यक्षांचे आभार दोनदा. मी रीतसर अर्ज लिहून ती ओळ घालून घेतली आणि तीत सौभाग्यवतींचे नाव लिहिले. चिटणीस म्हणाले, “घरचंच माणूस, नाव कशाला?” मी म्हटले, घरच्याच माणसांची नावे राहून जातात, असा खात्याचा अनुभव आहे. सौभाग्यवतींनी पत्रिका वाचली आणि आपल्या नावातला ऱ्हस्वदीर्घाचा एक दोष दाखवून ती परत दिली; दोष दुरुस्त होऊन आला आहे.

वाचकांना माझे सांगणे एवढेच की, आपापल्या घरी ट्रंकेच्या तळाशी एखादी कुंची, टोपडे, गोधडी किंवा कोणाच्या लग्नातली टोपी असेल, तर ती कोणी शिवली हे आजच विचारून तारखेसह लिहून ठेवावे. नोंदीला उशीर झाला की साक्षीदार उरत नाहीत, आणि मग कब्जेदाराचेच नाव खरे धरले जाते.